उबुंटू टाकताना ‘इन्स्टॉल’ दाबण्याआधी काय तपासायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेल्या किंवा जुना प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, त्यामुळे चांगल्या चालत्या मशिनी घेऊन बरेच जण उबुंटू या मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमकडे आले. त्यांचे बहुतेक प्रश्न एकाच टप्प्यावर अडतात: सगळं विचारून झालंय, पडद्यावर निवडींची यादी आलीय, खाली ‘इन्स्टॉल’चं बटण आहे आणि बोट पुढे जात नाही. खालची उत्तरं उबुंटू २४.०४ समोर ठेवून दिली आहेत. लिनक्स मिंट आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्स सिस्टिम जिथे वेगळ्या वागतात तिथे तसं सांगितलं आहे. बटणांची नावं पडद्यावर जशी दिसतात तशीच, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

१. हा आढाव्याचा पडदा कधी येतो आणि त्यावर काय काय असतं?

भाषा, कीबोर्ड, नेटवर्क, ॲप्स, डिस्क, खातं आणि टाइमझोन हे सगळं भरून झालं की शेवटी ‘रिव्ह्यू युअर चॉइसेस’ हा पडदा येतो. डिस्कचं काय करायचं ठरलंय, कोणती डिस्क निवडली आहे, ॲप्सचा संच छोटा की मोठा, एन्क्रिप्शन (डिस्कला पासफ्रेजचं कुलूप) आहे की नाही, बाहेरचे ड्रायव्हर आणि कोडेक (ऑडिओ-व्हिडिओ चालवणारे भाग) घेतलेत का, हे त्यावर दिसतं. सगळ्यात खाली पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांची, यादी असते. भाषा, कीबोर्ड, टाइमझोन आणि तुमचं नाव इथे पुन्हा दिसत नाही. ते बघायचं तर मागे जावं लागतं.

लग्नपत्रिकेचं प्रूफ बघताना सगळे गणपतीचं चित्र बघतात आणि तारीख तशीच राहते, तसं या पडद्याचं होतं. वरच्या ओळी वाचल्या जातात, खालची पार्टिशनची यादी कुणी वाचत नाही. खरी माहिती तिथेच असते.

२. यातलं सगळंच बारकाईने वाचायचं की काही नंतर बदलता येतं?

बहुतेक सगळं नंतर बदलता येतं. भाषा, कीबोर्ड, टाइमझोन, ॲप्स, ड्रायव्हर, कोडेक, संगणकाचं नाव आणि पासवर्ड यांसाठी रात्र जागवू नका. परतीची वाट नसलेल्या गोष्टी तीनच: कोणती डिस्क, तिच्यावरच्या कोणत्या पार्टिशनचं काय होणार, आणि एन्क्रिप्शन.

युजरनेम अर्धवट या गटात मोडतं. ते बदलता येतं, पण होम फोल्डरचं जुनं नाव वेगळं बदलावं लागतं आणि काही ॲप्सच्या सेटिंगमध्ये जुना पत्ता अडकून राहतो. म्हणून ‘टेस्ट’ किंवा ‘एबीसी’ असलं काही ठेवू नका. छोट्या इंग्रजी अक्षरांत, स्पेस न देता साधं नाव द्या.

३. ‘इन्स्टॉल’ दाबेपर्यंत डिस्कला खरंच हात लागत नाही का?

उबुंटू २४.०४ मध्ये नाही लागत. आढाव्याच्या पडद्यापर्यंत सगळं फक्त ठरवलेलं असतं. तिथे लॅपटॉप बंद केला तरी तुमचं विंडोज जसंच्या तसं राहतं.

लिनक्स मिंट २२ मध्ये मात्र सावध राहा. तिथे जुन्या पद्धतीचा इन्स्टॉलर आहे आणि शेवटी आढाव्याचं वेगळं पान नाही. डिस्कचा पर्याय निवडून ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबलं की ‘राइट द चेंजेस टू डिस्क्स?’ अशी छोटी चौकट येते. तिथे ‘कंटिन्यू’ दाबल्याक्षणी पार्टिशन बदलायला सुरुवात होते आणि टाइमझोन, नाव वगैरे प्रश्न त्यानंतर येतात. मिंटवाल्यांचा आढावा म्हणजे ती चौकट. डेबियनमध्येही असाच प्रश्न येतो, पण तिथे आधीपासून ‘नो’ निवडलेलं असतं. घाईत एंटर मारणाऱ्यांची ही चांगली सोय आहे.

४. चूक दिसली तर मागे जाता येतं का?

येतं, ‘बॅक’ दाबत जा. पण मागे जाऊन डिस्कच्या पानावर काही बदललंत, तर आढाव्याची यादी पुन्हा पहिल्यापासून वाचा. मिंटमध्ये ती चौकट ओलांडल्यावर डिस्कचा निर्णय मागे घेता येत नाही (प्रश्न ३).

५. माझ्या लॅपटॉपमध्ये दोन डिस्क आहेत. यादीतली नेमकी कोणती माझी, हे कसं ओळखायचं?

तीन खुणा एकत्र बघा: नाव, मॉडेल, आकार. ‘एनव्हीएमई’ने सुरू होणारं नाव म्हणजे मदरबोर्डच्या एम-डॉट-टू खाचेत बसणारी वेगवान एसएसडी. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं साटा डिस्कना मिळतात, आणि यूएसबीलाही. म्हणजे ज्या पेनड्राइव्हवरून तुम्ही सिस्टिम टाकताय तोही ‘एसडीबी’ असू शकतो. ही अक्षरं कायमची नसतात. पुढच्या वेळी सुरू केल्यावर अदलाबदल होऊ शकते, म्हणून ‘मागच्या वेळी एसडीए होती’ यावर विसंबू नका. मॉडेलचं नाव बदलत नाही, ते बघा.

आकारात एक गोंधळ नेहमी होतो. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, तर डिस्क बनवणारे १००० च्या पटीत. त्यामुळे ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ च्या आसपास दिसते आणि एक टीबीची ९३१. इन्स्टॉलरमध्ये ५१२ दिसलं म्हणून ती दुसरीच डिस्क आहे असं समजू नका.

दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या आणि एकाच आकाराच्या असतील तर? तेव्हा ‘ट्राय उबुंटू’मध्ये जाऊन ‘डिस्क्स’ हे ॲप उघडा. तिथे सीरियल नंबर आणि आतली पार्टिशनं दोन्ही दिसतात. तरीही शंका उरली, तर डेटाची डिस्क सरळ काढून ठेवा. डेस्कटॉप संगणकात तर केबल काढणं हे दोन मिनिटांचं काम आहे.

६. ‘इरेझ डिस्क’ निवडलं तर फक्त सी ड्राइव्ह जाईल ना? फोटो डी ड्राइव्हमध्ये आहेत.

नाही! सी, डी, ई हे एकाच डिस्कचे कप्पे असतील तर सगळेच जातील. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे दुकानात ‘फॉरमॅट मारून’ देतात तेव्हा फक्त सी पुसतात, त्यामुळे डी म्हणजे सुरक्षित हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. उबुंटूला सी-डी ही अक्षरं ठाऊक नाहीत. त्याला अख्खी डिस्क दिसते, आणि या पर्यायाने ती अख्खी कोरी होते.

आढाव्यात ‘इरेझ डिस्क अँड इन्स्टॉल उबुंटू’ दिसत असेल आणि फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर नसेल, तर इथेच थांबा. डी ड्राइव्ह ठेवायचाच असेल तर प्रश्न १५ मधली रीत वापरा. बॅकअप मात्र त्याआधीही घ्या.

७. भाषा मराठी निवडू की इंग्रजी?

मी सुचवेन, टाकताना इंग्रजी आणि नंतर हवं तर मराठी. कारण अगदी व्यवहारी आहे. सुरुवातीपासून मराठी असेल तर होममधल्या ‘डाउनलोड्स’सारख्या फोल्डरांची नावंही मराठीत तयार होतात. दिसायला छान, पण टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायच्या खिडकीत) दर वेळी देवनागरी टाइप करावं लागतं. शिवाय अडचण आल्यावर नेटवर शोधायला इंग्रजी मजकूर हाताशी असलेला बरा.

इंग्रजीत टाकून नंतर ‘लँग्वेज सपोर्ट’मधून मराठी आणलीत, तर पुढच्या लॉगिनला फोल्डरांची नावं बदलायची का असं विचारलं जातं. तिथे ‘कीप ओल्ड नेम्स’ म्हणा. मग मेनू मराठीत आणि फोल्डर इंग्रजीत, अशी सोयीची मांडणी मिळते.

सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ भारताचे आहेत ना, तेही बघा. अमेरिकन राहिले तर तारखेत महिना आधी येतो आणि छपाईला ए-फोरऐवजी लेटर कागद निवडला जातो.

८. कीबोर्ड ‘इंडियन’ निवडला आणि आता पासवर्डच टाइप होत नाही. काय झालं?

नुसतं ‘इंडियन’ म्हणजे देवनागरी इन्स्क्रिप्ट. तो मुख्य कीबोर्ड झाला की इंग्रजी अक्षरं उमटतच नाहीत, आणि युजरनेमला तर इंग्रजी अक्षरंच लागतात. मागे जाऊन ‘इंग्लिश (यूएस)’ किंवा ‘इंग्लिश (इंडिया, विथ रुपी)’ निवडा. दुसऱ्यात सगळं यूएससारखंच असतं, फक्त उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ येतं. माझी पसंती त्यालाच.

मराठी टायपिंग नंतर सेटिंगमधल्या कीबोर्डच्या पानावर, इनपुट सोर्समध्ये जोडता येतं. सुपर म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेली कळ. ती आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते.

पुढे जाण्याआधी कीबोर्डच्या पानावरच्या रिकाम्या चौकटीत @, # आणि " टाइप करून बघा. यूके लेआउट चुकून लागला असेल तर @ आणि " यांची अदलाबदल झालेली दिसते. पासवर्डमध्ये @ असणाऱ्यांना नंतर हेच नडतं.

९. टाइमझोनच्या नकाशात मुंबई, पुणे का नाही?

कारण सगळ्या भारताला एकच प्रमाणवेळ आहे आणि टाइमझोनच्या जागतिक यादीत तिला कोलकात्याचं नाव आहे. ‘एशिया/कोलकाता’ बरोबर आहे, ते राहू द्या. शोधाच्या चौकटीत मुंबई लिहिलंत तरी शेवटी तोच झोन लागतो.

१०. उबुंटू टाकल्यापासून विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. टाइमझोन चुकला का?

नाही. मदरबोर्डवर बॅटरीवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. उबुंटूने दुपारी दोन वाजता त्यात साडेआठ लिहिले की विंडोज ते साडेआठच समजतं. आपली वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असल्यामुळे फरकही नेमका तेवढाच पडतो.

इन्स्टॉलरमध्ये यासाठी काही बदलायचं नाही. नंतर उबुंटूला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं (टाइमडेट-सीटीएल नावाच्या साधनाने), किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून त्याला जागतिक वेळ वाचायला लावता येतं. दोन्हींपैकी एकच करा. दोन्ही केलंत तर गोंधळ उलट बाजूने परत येईल.

११. ॲप्सचा ‘डिफॉल्ट’ संच घ्यायचा की ‘एक्स्टेंडेड’? आणि त्या दोन चौकटींवर खूण करायची का?

डिफॉल्टमध्ये ब्राउझर आणि रोजची साधनं येतात, एक्स्टेंडेडमध्ये लिबरऑफिससारखी ऑफिसची ॲप्सही. डिस्क लहान असेल तर डिफॉल्ट घ्या, बाकी नंतर भरता येतं.

चौकटींपैकी एक ग्राफिक्स आणि वायफायच्या बाहेरच्या ड्रायव्हरची आणि दुसरी ऑडिओ-व्हिडिओच्या फॉरमॅटची. दोन्हींवर खूण करा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड किंवा ब्रॉडकॉमचं जुनं वायफाय असेल तर पहिली विशेष महत्त्वाची. वायफाय दिसतच नसेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टेथरिंग चालू करा. ते सहसा लगेच चालतं.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल आणि ड्रायव्हर उबुंटूच्या सहीचा नसेल, तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा दहा सेकंद थांबून निघून जातो. तो हुकला तर सिस्टिम सुरू होते, फक्त तो ड्रायव्हर चालत नाही.

१२. विंडोजशेजारी टाकायचा पर्याय मला दिसतच नाही. फक्त ‘इरेझ’ आणि ‘मॅन्युअल’ दिसतंय.

अशा वेळी ‘असू दे’ म्हणून इरेझ निवडू नका. पर्याय न दिसण्याची कारणं ठरलेली आहेत.

डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन, असेल तर इन्स्टॉलरला ती आक्रसता येत नाही. त्याबद्दल पुढचा प्रश्न वाचा. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद केल्यावरही विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि त्याच्या पार्टिशनला हात लावणं धोक्याचं होतं. आधी ते बंद करा आणि पूर्ण शटडाउन करा. जुन्या लॅपटॉपवर एमबीआर पद्धतीची (पार्टिशनच्या नोंदी ठेवायची जुनी पद्धत) डिस्क असेल तर तिच्यात चारच प्रायमरी पार्टिशनं मावतात. बनवणाऱ्या कंपनीने चारही भरून दिलेली असली की पाचव्याला जागा उरत नाही. आणि पेनड्राइव्ह लेगसी, म्हणजे जुन्या बूट पद्धतीने सुरू झाला असेल पण विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीचं असेल, तर दोघांचं जमत नाही. बूट मेनूत पेनड्राइव्हच्या नावाआधी ‘यूईएफआय’ लिहिलेली नोंद निवडा.

डिस्क अजिबातच दिसत नसेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इंटेलचं आरएसटी, म्हणजे डिस्क हाताळायची एक पद्धत, चालू असण्याची शक्यता मोठी. ते बदलून एएचसीआय ही साधी पद्धत लावावी लागते. पण विंडोजची आधी तयारी न करता बदललंत तर विंडोजच सुरू होणार नाही, तेव्हा सेफ मोडमधून जाण्याची रीत आधी वाचून घ्या.

सगळ्यात निर्धोक मार्ग म्हणजे विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून जागा मोकळी करून मग उबुंटूकडे येणं. उबुंटू किमान २५ जीबी मागतं. मी निदान ६० सोडायला सांगतो.

१३. मी बिटलॉकर कधी लावलंच नाही. तरी तो आहे असं का सांगतंय?

अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ आपोआप चालू होतं, विंडोजच्या होम आवृत्तीतसुद्धा. ते विंडोजच्या सेटिंगमधून बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. मोठ्या डिस्कला बराच वेळ लागतो. त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा. बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावलात तरी विंडोज ती मागू शकतं.

१४. आढाव्यात ‘डिस्क एन्क्रिप्शन: नन’ दिसतंय. हे चालेल का?

घरात एका जागी राहणाऱ्या संगणकाला चालेल. रोज लोकलमधून ने-आण होणाऱ्या लॅपटॉपवर ऑफिसची किंवा बँकेची कागदपत्रं असतील, तर मागे जाऊन ‘एलव्हीएम अँड एन्क्रिप्शन’ निवडा. चालू सिस्टिमवर नंतर ते चढवणं सामान्य माणसाचं काम नाही, म्हणून निर्णय आत्ताच घ्यायचा. २४.०४ मध्ये हा सोपा पर्याय अख्खी डिस्क पुसतानाच मिळतो, विंडोजशेजारी टाकताना नाही.

पासफ्रेज विसरलात तर डेटा गेला. दुकानदार, कंपनी, कुणीही तो काढून देऊ शकत नाही. पासफ्रेज इंग्रजी अक्षरांतच ठेवा, कारण ती विचारली जाते तेव्हा सिस्टिम पूर्ण उठलेली नसते आणि भाषा बदलायची सोय नसते.

१५. मॅन्युअल पार्टिशन केलंय. यादीत कोणती ओळ दिसली तर थांबायचं?

ज्या पार्टिशनमध्ये तुमचा डेटा आहे त्याच्यापुढे ‘फॉरमॅटेड’ दिसलं तर थांबा. नव्या उबुंटूच्या मूळ पार्टिशनसमोर, म्हणजे ‘/’ समोर, ‘फॉरमॅटेड ॲज ईएक्सटी-फोर’ दिसणं बरोबर आहे. जुनं होम पार्टिशन परत वापरत असाल तर त्याला फक्त ‘/होम’ची जागा द्यायची, फॉरमॅटची खूण काढायची.

विंडोजच्या डिस्कवर एक छोटं, बहुधा १०० एमबीचं ईएफआय पार्टिशन असतं. उबुंटू आणि विंडोज दोन्ही ते मिळून वापरतात. ते फॉरमॅट झालं तर विंडोजचा बूट लोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) उडतो. फाइली शाबूत राहतात, पण विंडोज उठत नाही. डी ड्राइव्ह ठेवायचा असेल तर त्याचं एनटीएफएस पार्टिशन यादीत बदलल्याचं अजिबात दिसता कामा नये.

१६. यादीत स्वॅप कुठेच नाही. राहिलं का?

नाही. स्वॅप म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. उबुंटू आता वेगळ्या पार्टिशनऐवजी स्वॅपची फाइल बनवतं.

१७. बाहेरच्या यूएसबी एसएसडीवर टाकतोय. आतलं विंडोज सुरक्षित राहील ना?

फाइली राहतील, पण बूट लोडर कुठे जातोय ते बघा. मॅन्युअलच्या पानावर खाली बूट लोडरसाठी डिस्क निवडायची यादी असते. तिथे आतली डिस्क राहिली तर उबुंटूचा बूट लोडर विंडोजच्या ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बसतो. मग एसएसडी काढली की लॅपटॉप सुरू होताना काळ्या पडद्यावर अडकू शकतो, आणि एसएसडी दुसऱ्या संगणकाला लावली तर तिथेही उठत नाही. तिथे बाहेरची डिस्क निवडा आणि आढाव्यात तिच्यावर ईएफआय पार्टिशन तयार होतंय ना, ते ताडून बघा.

१८. ‘इन्स्टॉल’ दाबलं आणि मग कळलं की डिस्क चुकीची होती. आता?

पॉवरचं बटण दाबून धरा आणि बंद करा. पूर्ण होऊ द्या, नंतर बघू, असं करू नका. सुरुवातीला फक्त पार्टिशनचा तक्ता बदललेला असतो आणि टेस्टडिस्कसारखं साधन जुनी पार्टिशनं बरेचदा शोधून देतं. जितक्या फाइली वर लिहिल्या जातील तितकी आशा कमी. एसएसडीवर तर फॉरमॅट करताना जुने भाग मोकळे केल्याचा निरोप डिस्कला जातो आणि ते पुन्हा वाचता येत नाहीत. त्या डिस्कवरून परत सुरू करू नका. मोलाचा डेटा असेल तर स्वतः प्रयोग न करता डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

१९. शाळेच्या लॅबमधल्या सगळ्या संगणकांवर टाकायचंय. प्रत्येकाचा आढावा वाचायचा?

एक मशीन हाताने, नीट वाचून टाका. ते पूर्ण झालं की तुमच्या निवडींची एक फाइल उबुंटू स्वतःच इन्स्टॉलरच्या लॉग फोल्डरमध्ये ठेवतं. ती थोडी बदलून इतर मशिनींना ‘ऑटोमेटेड इन्स्टॉलेशन’मध्ये देता येते. पण डिस्क कशी निवडायची ते त्या फाइलीत तपासा. ‘सगळ्यात मोठी डिस्क’ असा नियम असेल आणि एखाद्या संगणकात शिक्षकांनी वेगळी मोठी हार्डडिस्क बसवलेली असेल, तर नेमकी तीच पुसली जाईल. लॅबमध्ये आधी फेरी मारून जास्तीच्या डिस्क आणि लावून ठेवलेले पेनड्राइव्ह काढून घ्या, मग फाइल द्या.